कचेरी बंद, मंडप चालू

"एकच मिशन..." माईकवरचा अव्वल कारकून एवढंच म्हणतो आणि हात वर करून थांबतो. उरलेलं समोरच्या सतरंजीवरून येतं, "जुनी पेन्शन!" चौथा दिवस आहे. महसूलवाल्यांचे घसे बसलेत, पण आज शाळांची माणसं जास्त आलीत आणि साठ-साठ पोरांचे वर्ग सांभाळणाऱ्यांचा आवाज असा सहजी बसत नाही.

१७ मार्च २०२३, शुक्रवार. मालेगावच्या तहसील कचेरीच्या आवारात लाल-पिवळ्या पट्ट्यांचा मंडप आहे. खाली सतरंज्या, कडेला पाण्याचे जार, मागे बॅनर. पुढच्या रांगांत बायका बसल्यात: परिचारिका, शिक्षिका, दोन-तीन तलाठी, पंचायत समितीतल्या लिपिक. मागे पुरुष. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, टोप्यांवर तीच घोषणा. मंगळवारपासून राज्यभर असंच चित्र आहे. सरकारी, निमसरकारी आणि शिक्षक-शिक्षकेतर मिळून सतरा-अठरा लाख माणसं संपावर गेली आहेत, असं संघटना सांगतात.

मंडपाच्या तोंडाशी एक टेबल आहे आणि टेबलावर जाड पुठ्ठ्याची वही. संप असला तरी सरकारी माणूस हजेरीपत्रकाशिवाय राहू शकत नाही, याचा पुरावा या वहीत आहे. पट्टीने आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, पदनाम, कार्यालय, स्वाक्षरी. प्रत्येक खात्याला वेगळी पानं, पानाच्या कोपऱ्यात तारीख. साडेअकराला धापा टाकत आलेल्या एका कनिष्ठ लिपिकाला वहीवाला चष्म्यावरून बघतो.

"अर्धा दिवस टाकू का?"

"अण्णा, गाडी चुकली हो."

"कामावर येताना चुकायची ती समजू शकतो. संपालासुद्धा?"

हसणं होतं, सही होते. वही नुसती गमतीची नाही, हे मात्र खरं. जिल्ह्याच्या समन्वय समितीला रोज आकडा कळवायचा असतो, जिल्ह्याने मुंबईला. आणि उद्या कुणी म्हणालं की मी संपात होतोच, तर होतास की घरी कांदे भरत होतास, ते या वहीवरून कळणार.

मंडपाच्या मागे कचेरी उभी आहे. सेतूची खिडकी बंद. अभिलेख कक्षाला कुलूप. तहसीलदार मात्र आत केबिनमध्ये बसलेत, कारण राजपत्रित अधिकारी अजून संपात उतरलेले नाहीत. त्यांना फाइल आणून द्यायला शिपाई नाही आणि आणली तर तिच्यावर टिपणी लिहायला कारकून नाही. मधूनच ते बाहेर येतात, व्हरांड्यात उभे राहतात, मंडपाकडे बघतात. मंडपातले दोघे-तिघे सवयीने उठून उभे राहतात आणि मग लक्षात येऊन पुन्हा खाली बसतात.

मागणी समजून घ्यायची तर या कचेरीतल्या दोन टेबलांमधलं अंतर बघावं. दोघे कारकून समोरासमोर बसतात, एकाच डब्यातली भाजी खातात. एक लागला २००५ च्या सप्टेंबरात, दुसरा डिसेंबरात. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने दोघांमध्ये रेघ मारली. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना १९८२ चे निवृत्तिवेतनाचे नियम लागू नाहीत. पहिला रिटायर होईल तेव्हा त्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर वाढता महागाई भत्ता मिळेल. त्याच्यामागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. दुसऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दर महिन्याला १० टक्के कापले जातात, सरकार त्यात १४ टक्के घालतं, ते पैसे बाजारात जातात. निवृत्तीला साठलेल्या रकमेतले ६० टक्के हातात आणि ४० टक्क्यांतून विमा कंपनीची वार्षिकी. किती मिळेल? "त्या दिवशी शेअर बाजाराचा मूड कसा असेल त्यावर," डिसेंबरवाला म्हणतो. मंडपात हे दोघेही आहेत. सप्टेंबरवाल्याचं स्वतःचं काहीच अडलेलं नाही. तरी तो चारही दिवस आला, पगार कापला जाणार हे माहीत असून. विचारलं तर म्हणतो, "त्याला एकट्याला बसवून मी आत खुर्चीवर बसू? उद्या डबा कुणाबरोबर खायचा?"

संघटना ही चीज कशाने टिकते, याची पुष्कळ मोठी उत्तरं ऐकली आहेत. मला हे बरं वाटलं.

माईक एका प्राथमिक शिक्षकाकडे जातो. तो आकडे सांगत नाही, आपल्याबरोबर लागलेल्या एका मित्राचं सांगतो. सेवेची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत मित्र अपघातात गेला. कुटुंबाला पेन्शन नाही. २०१८ मध्ये सरकारने अशा घरांसाठी १० लाखांचं सानुग्रह अनुदान ठरवलं, तेही पुष्कळ आरडाओरड झाल्यावर. बोलताना त्याचा सूर चढत नाही. समोरच्या बायका पदराने, ओढणीने डोळे टिपतात. जुन्या पेन्शनची चळवळ बजेटच्या चर्चेतून उभी राहिली नाही, अशा घरांतून राहिली. म्हणूनच सरकारने तिजोरीचा आकडा पुढे केला की ही माणसं चिडतात. आकडा खोटा आहे असं त्यांचं म्हणणं नसतं.

आणि आकडा खोटा नाहीच. पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त हिस्सा जातो. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असं सांगून जुनी पेन्शन देणार नाही, हे स्पष्ट करून टाकलं होतं. जानेवारीत शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या आणि त्याच सरकारच्या तोंडी भाषा आली, आम्ही नकारात्मक नाही. मधल्या महिन्याभरात तिजोरीत काही पैसे पडले नव्हते. हिमाचल प्रदेशात मात्र जुन्या पेन्शनचं वचन देऊन काँग्रेस सत्तेवर आली होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला निकाल लागले. नागपूरच्या शिक्षक मतदारसंघात भाजपने पाठिंबा दिलेले नागो गाणार सुधाकर अडबालेंकडून हरले. अमरावतीच्या पदवीधरमध्ये माजी मंत्री रणजित पाटील पडले. आमच्या नाशिक विभागात अपक्ष सत्यजित तांबेंना ६८,९९९ मतं पडली, शुभांगी पाटलांना ३९,५३४. पण इथे जुन्या पेन्शनच्या बाजूने दोघेही होते, त्यामुळे कुणीही निवडून आलं असतं तरी मागणी निवडून येणारच होती. विधान परिषदेच्या ७८ जागांत अशा शिक्षकांच्या सात आणि पदवीधरांच्या सात. संख्येने थोड्या, पण मतदार कोण? ज्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे तेच. मंडपातल्या निम्म्या माणसांनी त्या निवडणुकीत मतदारनोंदणीचे अर्ज तपासले, केंद्रांवर ड्यूटी केली आणि मतही टाकलं. प्राथमिक शिक्षकांना शिक्षक मतदारसंघात मत नाही, तिथे माध्यमिक आणि त्यापुढचे लागतात. पण पदवी असली की ते पदवीधरमध्ये येतातच.

हे सगळं माईकवर कुणी बोलत नाही. १९७९ च्या वर्तणूक नियमांनी सरकारी नोकराला राजकारणात पडायला बंदी आहे. त्यामुळे भाषणात पक्षाचं नाव नाही, नेत्याचं नाव नाही, फक्त 'सरकार' आणि 'शासन'. पण बाराच्या सुमाराला एक पांढरी स्कॉर्पिओ आवारात शिरते आणि विरोधी पक्षाचे तालुक्यातले पदाधिकारी पाठिंब्याचं पत्र घेऊन उतरतात, तेव्हा टाळ्या किती वाजवायच्या याचा अंदाज सगळ्यांना बरोबर असतो. पत्र वाचलं जातं, फोटो निघतो. मागच्या रांगेतला एक ग्रामसेवक शेजाऱ्याच्या कानाशी लागतो, "अडीच वर्षं यांचंच सरकार होतं ना रे?" शेजारी म्हणतो, "गप. पत्र घ्यायचं. उद्या हेच सत्तेत आले तर दाखवायला." पाहुण्यांपैकी एकजण आमदारांच्या पेन्शनचा विषय काढतो. एक टर्म झाली की महिन्याला ५० हजार. मंडपात आज सगळ्यात मोठा हशा याला मिळतो, आणि पाहुणा स्वतः जिल्हा परिषदेच्या पलीकडे कधी गेलेला नाही, त्यामुळे तोही मोकळेपणाने हसतो.

पालकमंत्री दादा भुसे इथलेच, मालेगाव बाह्यचे. पण ते मुंबईत अधिवेशनात अडकलेत आणि सध्या त्यांच्यापुढे दुसराच मोर्चा आहे. दिंडोरीहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च वाशिंदला थांबलाय. त्याच्याशी बोलणी करायला सरकारने पाठवलेल्यांत ते आहेत. महापालिकेत जाऊन कुणाला गाठावं तर जून २०२२ पासून तिथे प्रशासक. नगरसेवक नाहीत, महापौर नाही. गावात निवडून आलेलं असं दारात भेटायला कुणी उरलेलं नाही.

मंडपाच्या बाहेर कडुनिंबाखाली जी गर्दी आहे ती संपाची नाही. ती कामासाठी आलेली आणि अडकलेली.

शुक्रवार म्हणजे मालेगावात लूमला सुट्टी. एरवी खडखडणाऱ्या गल्ल्या आज शांत असतात आणि कारखान्यातला मजूर घरची कामं काढतो. पिरान आणि टोपी घातलेला एक पस्तिशीचा माणूस लहान मुलीचा हात धरून उभा आहे. आरटीईच्या अर्जांचे दिवस आहेत, त्याला उत्पन्नाचा दाखला हवाय. खिडकी बंद बघून त्याने दोनदा चक्कर मारली, आता नमाजाची वेळ होईपर्यंत थांबलाय.

"संप का है, मालूम है?"

"पेन्शन का है ना." तो मंडपाकडे बघतो. रागाने नाही. "उनको मिलेगा तो अच्छाच है, भाई. हमारा क्या? कारखाना चालू तो हफ्ता, कारखाना बंद तो कुछ नहीं."

प्रॉव्हिडंट फंड आहे का, असं विचारतो तर त्याला प्रश्नच मजेशीर वाटतो. या गावात लाखोंनी साचे आहेत. त्यांच्यावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्यांत पासबुक असलेला माणूस शोधून काढावा लागेल.

त्याच्या पलीकडे धोतर आणि टोपीतले आबा बसलेत, झोडग्याकडचे. त्यांना दाखला नको, त्यांना माणूस हवाय. दोन दिवसांपूर्वीच्या अवकाळीने काढणीला आलेला उन्हाळ कांदा झोपवला. आधीच लाल कांद्याला भाव नव्हता, इतका की सरकारला विधानसभेत क्विंटलमागे ३०० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. आता त्याचे ३५० होणार अशी कुजबुज आहे. पण पावसाच्या नुकसानाचा पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. आणि तिघेही मंडपात आहेत.

"कांदा ग्या," आबा म्हणतात. "आते पंचनामा कोण करी? हाई बाई तठे घोषणा दी ऱ्हायनी."

ती बाई म्हणजे त्यांच्याच सजाची तलाठी, दुसऱ्या रांगेत. तिनेही आबांना पाहिलंय. मधल्या चहाच्या वेळी ती स्वतःहून बाहेर येते.

"आबा, फोटो काढून ठेवा. मोबाइलमध्ये, चारी बाजूंनी. सोमवार-मंगळवारपर्यंत काहीतरी होईल."

"तवलोंग कांदा थांबी का?"

ती उत्तर देत नाही. तिचे वडीलही शेतकरीच आहेत, हे ती मला नंतर सांगते. बागलाणात डाळिंब आहे, त्याचाही पंचनामा राहिलाय आणि तिथला तलाठीही संपावर आहे.

इथेच या संघटनांच्या ताकदीचं मूळ आहे, असं मला या कडुनिंबाखाली उभं राहून वाटतं. लोकांच्या सहानुभूतीवर हा संप चालत नाही. ती फारशी नाहीच. ठिकठिकाणी बेरोजगार पोरांनी 'आम्ही निम्म्या पगारात काम करतो' असे फलक धरलेत आणि मोबाइलवर ते फिरतायत. संप चालतो तो कागदावर. सातबारा, दाखला, पंचनामा, रुग्णालयातला केसपेपर, मतदार यादी. यांतला प्रत्येक कागद मंडपातल्या कुणाच्या तरी हातून जातो. तो हात थांबला की चौथ्या दिवशी मंत्रालयाला घाम फुटतो. पण त्याच वेळी आबांसारख्याच्या मनात एक गाठही बसते, आणि ती सोडवायचं काम संघटनेच्या अजेंड्यावर कधी दिसत नाही.

कचेरीच्या पायरीवर एक पोरगा एकटाच मोबाइल चाळत बसलाय. संगणक चालवणारा, कंत्राटी, एजन्सीमार्फत लागलेला. तो संपावर नाही. त्याला संपावर जायचा अधिकार नाही आणि जायची सोयही नाही. पण कारकून नसल्याने त्याच्यापुढे काम येत नाही, आणि काम नाही तर दिवस भरत नाही. संपकऱ्यांनाही 'काम नाही तर वेतन नाही'ची नोटीस आहे, पण त्यांचा कापलेला पगार पुढे कुठल्या तरी रजेत बसवला जाईल, हे तेही जाणतात आणि सरकारही. या पोराच्या बुडालेल्या दिवसांना कुठली रजा? तो मला मोबाइलवर एक शासन निर्णय दाखवतो. याच आठवड्यात निघालाय, बाह्यस्रोतातून माणसं पुरवायला नऊ खासगी संस्थांची यादी आहे त्यात. "मंडपात कुणी वाचलाय का हा?" तो विचारतो. मी दोघा-तिघांना दाखवतो. एकजण म्हणतो, हा वेगळा विषय आहे. मला तो वेगळा वाटत नाही. जुन्या पेन्शनचे हक्कदार निवृत्त होत जातील आणि त्यांच्या खुर्च्यांवर अशी पोरं बसतील, मग पेन्शन कुणासाठी मागणार? पण मंडपात आज या पोराला कुणी सतरंजीवर बोलावलेलं नाही.

दोन आशाताई रस्त्यावरून जाताना थांबतात. गुलाबी साड्या, खांद्याला पिशव्या. नऊ तारखेच्या बजेटमध्ये त्यांचं मानधन दीड हजाराने वाढवून ५,००० केलंय. मंडपातली परिचारिका एकीला हाक मारते, "ये गं, बस थोडा वेळ." ती हसून म्हणते, "सिस्टर, तुमची पेन्शन जुनी की नवी ते ठरू द्या. आमचा आधी पगार ठरू द्या." आणि जाता जाता आनंदाने सांगते की आजपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, सकाळी ती तशीच आली. कंडक्टरला मशीनवर नवा पर्याय सापडेना, सगळी गाडी त्याला शिकवत होती.

एसटीचं नाव निघताच पानटपरीवरचे एक काका कान देतात. निवृत्त ड्रायव्हर. एसटीवाले सरकारी नाहीत, महामंडळाचे. त्यांना मिळते ती भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतली पेन्शन, जिची रक्कम काका मोठ्याने सांगत नाहीत, दोन बोटं दाखवतात. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत त्यांच्या लोकांनी विलीनीकरणासाठी संप केला. मालेगाव आगारातल्या गाड्याही तेव्हा उभ्या होत्या. "आमचे वकील काय बोलायचे माहितीये? आठवतं का?" ते तंबाखू मळत म्हणतात. आठवतं. आणि आज दुपारी त्याच गुणरत्न सदावर्तेंच्या याचिकेवर उच्च न्यायालयात सुनावणी आहे, या संपाच्या विरोधात. काका तंबाखूची चिमूट तोंडात टाकतात आणि पुढे काही बोलत नाहीत. बोलायची गरजही नाही.

गेटवर बंदोबस्ताला एक हवालदार आणि दोन शिपाई. शिपाई तरुण आहेत, म्हणजे २००५ नंतरचे, म्हणजे त्यांचेही १० टक्के कापले जातात. पण पोलिसांना संघटना करता येत नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचं बंड झालं, तेव्हा त्यांची होती ती संघटनाही मोडीत निघाली. घोषणा सुरू झाल्या की त्यांतला एक बुटाच्या टाचेने ताल धरतो. हवालदार बघून न बघितल्यासारखं करतो.

जेवणानंतर मंडप सुस्तावतो. आता माईक एका म्हाताऱ्याकडे आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दहा-अकरा वर्षं झाली. डिसेंबर १९७७ मध्ये कर्मचाऱ्यांचे नेते कर्णिक यांनी पुकारलेला संप झाला, तेव्हा ते नुकतेच चिकटलेले होते. ५४ दिवस. वसंतदादा मुख्यमंत्री. मागणी एकच, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता.

"किराणावाला विचारायचा, किती दिवस देऊ रे? मी म्हणायचो, र. ग. कर्णिकांना विचारून सांगतो." तरुण हसतात, पण र. ग. कर्णिक हे नाव त्यांतल्या निम्म्यांना माहीत नसावं. "तेव्हा लगेच नाही मिळालं. दादांचं सरकार गेलं, पवारांचं पुलोद आलं, आपले निहालभाई त्यात मंत्री होते, आणि भत्ता मिळाला. म्हणजे काय, संप एका सरकारपुढं करायचा आणि पदरात दुसऱ्याकडून पाडून घ्यायचं."

मग ते तमिळनाडूवर येतात. २००३ मध्ये जयललितांनी पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचारी एका फटक्यात काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, सरकारी नोकराला संपाचा अधिकार नाही. "आणि पुढच्या वर्षीच्या लोकसभेत? एकोणचाळीस जागा. त्यांना किती? भोपळा." ही गोष्ट कर्मचारी संघटनांच्या मंडपांत वर्षानुवर्षं सांगितली जाते. जयललितांच्या पराभवाला इतरही कारणं होती, युती, दुष्काळ, पण मंडपात गोष्ट एका कारणाचीच असावी लागते. याच आठवड्यात आपल्या विधिमंडळाने अत्यावश्यक सेवांतल्या संपाला आळा घालणारं मेस्माचं विधेयक मंजूर केलंय, त्यामुळे आज ती जरा जास्तच आवडीने ऐकली जाते.

एक तरुण शिक्षक मला फोन दाखवतो. पॅरिस. कचऱ्याचे ढिगारे, आग, पोलिसांच्या ढाली. काल मॅक्रॉनने संसदेत मतदानच न घेता निवृत्तीचं वय ६२ चं ६४ केलं, तिथले लोक रस्त्यावर आलेत. "आपल्याकडे बघा. वय वाढवून द्या म्हणून आपलीच संघटना निवेदनं देते," तो म्हणतो, "अठ्ठावन्नचं साठ." दोन देश, निवृत्ती एकच, मागण्या उलट्या. फ्रान्सच्या माणसाला निवृत्त व्हायचंय, कारण पुढे पेन्शन आहे. इथल्याला व्हायचं नाही.

चारच्या सुमाराला मोसम नदीच्या बाजूने आभाळ भरून येतं. मंडपाचं कापड फडफडतं, जार लवंडतो, कुणीतरी आधी वही उचलतो आणि शर्टाच्या आत धरतो. माईकच्या आधी वही. कचेरीच्या व्हरांड्यात सगळे दाटीवाटीने उभे राहतात: संपकरी, आबा, पायरीवरचा कंत्राटी पोरगा, दाखल्यासाठी नमाजनंतर परत आलेला तो लूमवाला आणि त्याची मुलगी. दहा मिनिटं मोठे थेंब पडतात. आबा बाहेर बघत नाहीत.

सोमवार, २० मार्च. दुपार टळलीय. मंडपात सगळे आपापल्या फोनवर. मुंबईत विधान भवनात मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंबरोबर समन्वय समितीची बैठक चालू असल्याचं कळलंय. मग निमंत्रक विश्वास काटकरांची बातमी येते. संप मागे. जुन्या आणि नव्या पेन्शनमधली तफावत दूर करण्याचं तत्त्व सरकारला मान्य, सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती तीन महिन्यांत अहवाल देणार.

टाळ्या वाजत नाहीत. "म्हणजे जुनी पेन्शन दिली का नाही?" मागून कुणीतरी ओरडतं. "तत्त्वतः दिली." "तत्त्वतः म्हणजे?" डिसेंबरवाला टोपी काढून घडी घालतो. एक शिक्षिका अव्वल कारकुनाच्या तोंडावर म्हणते, "समिती तर मंगळवारीच नेमली होती. मग सात दिवस पगार कापून घ्यायला बसलो होतो का आम्ही?" त्याच्याकडे उत्तर नाही. त्यालाही फोनवरूनच कळलंय. तालुक्याने राज्याला रोज आकडा पाठवला, राज्याने तालुक्याला विचारलं नाही. समितीवर बसलेले तिघेही जुन्या पेन्शनवाले, हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि पुन्हा एकदा कडवट हसू पसरतं. मंडपवाला विचारतो, सोडू का? हिशेब कुणाकडे? वर्गणीची पावतीबुकं निघतात आणि पुढचा अर्धा तास भांडण पेन्शनवरून पावत्यांवर येतं.

मंगळवारी कचेरी उघडते. उद्या पाडवा. सेतूसमोरची रांग गेटपर्यंत आलीय आणि कंत्राटी पोरगा मान वर न करता कीबोर्ड बडवतोय. तलाठीबाई तिथे नाही. ती कृषी सहायकाला मागे बसवून सकाळीच झोडग्याच्या वाटेला लागलीय, आणि मी तिच्या मागोमाग आबांच्या बांधावर येतो. कांद्याची पात जमिनीला चिकटलीय. बाई एक कांदा उपटते, दाबून बघते, बोटाला पाणी लागतं. गट नंबर, क्षेत्र, टक्का. पंच म्हणून शेजारचे दोघे सह्या करतात.

"तुमनं काय झायं मंग?" आबा विचारतात.

"समिती बसलीय, आबा. तीन महिन्यांनी सांगणार आहेत."

आबा फॉर्मकडे बघतात, मग तिच्याकडे. "म्हंजे तुमना बी पंचनामाच व्हयना म्हना ना!"

बाई हसते, कृषी सहायक जास्तच हसतो. मग ती आधार कार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स मागते. झेरॉक्सचं दुकान झोडग्याला, आणि आबांच्या मोटारसायकलीत पेट्रोल नाही.